एसटीतून आलेली गरम भाकरी

या अंकात अनुभव लिहिणारी बाकीची मंडळी निवृत्त आहेत. कोणी तालुक्याचे पशुवैद्य होते, कोणी पोस्टमास्तर. संपादकांचा फोन आला तेव्हा मी म्हटलं, "अहो, मी अजून तिशीसुद्धा गाठली नाही." ते म्हणाले, "पण भांडणं साठीतल्या माणसाइतकी झालीत तुमची." हे मात्र खरं आहे. म्हणून लिहिते.

मी मोहिमा चालवते. म्हणजे पत्रकं वाटते, भिंती रंगवते, सभेत मधेच उठून प्रश्न विचारते आणि पुढच्या सभेच्या आमंत्रणातून गळते. आमचं गाव आंबेगाव तालुक्यातलं लोणी. छप्पन सालानंतर आजोबांनी धम्म घेतला आणि घरात पुस्तकांच्या आधी पत्रकं आली. मी अक्षरं पत्रकांवर शिकले. त्यामुळे प्रत्येक वाक्याच्या शेवटी उद्गारचिन्ह असतं, अशी माझी बरेच दिवस समजूत होती.

ज्यांनी कधी पत्रक काढलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. पत्रकाचं शीर्षक धावत्या वडाप जीपमधून वाचता आलं पाहिजे. खाली तीनच मुद्दे, कारण चौथ्यापर्यंत कोणी जात नाही. दोन्ही हातांत पिशव्या असलेल्या माणसाला पत्रक देऊ नये, तो ते दातांत धरतो आणि पुढच्या वळणावर सोडतो. आणि सगळ्यांत महत्त्वाचं म्हणजे पत्रक एकाच बाजूला छापू नये. कोरी बाजू दिसली की लोक त्यावर हिशेब करतात, किंवा त्यात भजी बांधतात. हे शेवटचं मला जुन्नर तालुक्यातल्या एका महाविद्यालयानं शिकवलं. नाव सांगत नाही. ते चांगलं महाविद्यालय होतं, अजूनही असेल.

चारपाच वर्षांपूर्वीची गोष्ट, नव्या शतकाची पहिली वर्षं. आमच्या संस्थेला विद्यार्थ्यांच्या खाण्यात सुधारणा करायची होती. जवळ पिकतं ते खा, ताजं खा, ताटात टाकू नका, एवढाच विषय. प्रशिक्षणात एका सरांनी फळ्यावर बाण काढून दाखवला. अज्ञान, मग माहिती, मग बदल. पोरांना माहिती दिली की पोरं बदलतात. मी मान डोलावली आणि पत्रकांचा गठ्ठा उचलला.

महाविद्यालयाच्या मागच्या भिंतीला लागून बाजरीचं रान होतं. भिंतीच्या अलीकडे पत्र्याची शेड, तिथं कँटीन. चालवणारे पोपटशेठ. वडापाव, समोसा, मंचुरियन आणि काळं पडलेलं तेल. शेडमागे थर्माकोलच्या ताटल्यांचा ढीग, तो वाऱ्यानं रोज थोडाथोडा बाजरीत जायचा. म्हणजे बाजरी खाणारं शेडमध्ये कोणी नव्हतं, पण थर्माकोल खाणारी बाजरी मात्र तयार होत होती. माझं डोकं फिरलं. मी लिहिलं, "मैदा म्हणजे पांढरं विष!" आणि सकाळी फाटकात उभी राहून सगळा गठ्ठा वाटला.

दुपारी पोपटशेठनी मला हाक मारली. वाटलं, आता भांडण होणार. मी पदर खोचला.

"ताई, एक इनंती व्हती," ते म्हणाले. "पुढच्या टायमाला कागद जरा जाडा घ्या. भज्याचं तेल पार हुतंय."

दुसरं पत्रक मी मुलींसाठी काढलं. अंगात रक्त कमी असेल तर बाजरी खा, हुलगा खा, असं. यात खोटं काहीच नव्हतं. परिणाम असा झाला की वसतिगृहात कोणी भाकरीचा तुकडा मोडला की बाजूची विचारायची, "काय गं, रिपोर्ट आला का?" आठवडाभरात मी भाकरीचं औषध करून टाकलं होतं. औषध कोण चवीनं खातं?

मग मी ठरवलं, वाचायला देण्यापेक्षा खायलाच द्यावं. आणि मी कमलमावशींना गाठलं.

कमलमावशी बोरी बुद्रुकच्या. आमच्यासारख्याच बौद्ध घरातल्या, पन्नाशीच्या आतबाहेर, तोंडानं धारदार. कांद्याच्या चाळीत निवडीच्या कामाला जायच्या. त्यांच्या हातची शेंगोळी मी एका लग्नात खाल्ली होती. हुलग्याच्या पिठाची वळी, लसणाच्या तिखट रश्श्यात शिजवलेली. पावण्यांनी दुसऱ्यांदा वाढून घेतली होती, आणि तिसऱ्यांदा पातेलं धुतलेलं बघून हळहळले होते.

"कॉलेजात?" त्या म्हणाल्या. "तिथं ती पँटीतली पोरं माझी भाकरी खात्यात व्हय?"

"खातील. मी आहे ना."

"तू हायेस म्हणूनच भ्या वाटतंय बाई."

पण आल्या. चाळीचं काम सोडलं, जुन्नरला बहिणीकडे राहायला आल्या, स्वतःची शेगडी आणि तवे घेऊन. प्राचार्यांनी शेडचा दुसरा कोपरा दिला, दिवाळीच्या सुट्टीपर्यंत. चाललं तर पुढं चालू, नाही तर पोपटशेठ तिथं चायनीजची गाडी लावणार. चाळीतली मावशींची जागा एव्हाना दुसऱ्या बाईनं धरली होती. परतीची वाट नव्हती. हे सगळं माझ्या शब्दावर.

आणि कोणी येईना.

मी पाटी लावली, "देशी नूडल्स". हा माझा सगळ्यांत हुशार दिवस असं मला वाटलं होतं. पाटीसमोर पहिला उभा राहिला अविनाश. बोरीच्याच मोठ्या बागायतदार घरातला, कॉलेजच्या कबड्डी संघाचा कप्तान. तो ज्याला हसेल त्याला सगळं कॉलेज हसायचं. त्यानं पातेल्यात वाकून पाहिलं.

"ताई, ही तर शेंगोळी."

"नूडलच आहेत की, आपल्याकडची."

"राव, आमच्या म्हशीला जर्सी म्हणलं म्हणून ती काय बादली भरती का?"

शेड हसली. पाटी मी त्याच दुपारी उतरवली.

मग मी पोरांना एकेकटं गाठून विचारायला लागले. तुला भाकरी आवडत नाही का? प्रत्येकाचं उत्तर एकच. "मला लई आवडती ताई, पण बाकीची पोरं हसत्यात." ही बाकीची पोरं कोण, ते शोधायला मी अख्खं कॉलेज पालथं घातलं. कबड्डीवाले म्हणाले कॉमर्सवाले हसतात. कॉमर्सवाले म्हणाले वसतिगृहातले. वसतिगृहातले म्हणाले कबड्डीवाले. प्रत्येकजण दुसऱ्याला भिऊन वडा खात होता, आणि ज्या पत्त्यावर जावं तिथं हसणारा घरी नव्हता. फळ्यावरच्या बाणात याला जागाच नव्हती.

सगळ्यांत खरं बोलली वैशाली. बेल्ह्याची, दुसऱ्या वर्षाला शास्त्र शाखेत. पोरांसमोर ती फक्त चहा घ्यायची, तोही अर्धा. पोरगी पोटभर खाताना दिसली तर तिला काय म्हणतील, हा हिशेब तिनं रसायनशास्त्रापेक्षा पक्का केला होता.

"ताई, रागावणार नसाल तर सांगते," ती म्हणाली.

"रागावणार. तरी सांग."

"वड्याला हात दिसत नाय. तेलातून झाऱ्यावर येतो. भाकरी हातावर थापतात. समोर. ती कोणाच्या हातावर थापली, ते घरी विचारतात."

मी रागावले. तिच्यावर नाही. लोणीत वाढलेल्या मला हे कोणी सांगायला नको होतं, तरी मी बाजरीतल्या लोहाबद्दल पत्रकं छापत बसले होते. मी मावशींना सांगितलं तेव्हा त्या तवा घासत होत्या. त्यांनी मान वर केली नाही.

"माझ्या हातानं निवडलेला कांदा कुठं कुठं जातो, ठाऊक हाय का? जहाजात बसून जातो. तिथं कोण पुसतं, हात कुणाचा? आपल्याच पोरांची नाकं लांब."

आता डब्यांबद्दल सांगितलं पाहिजे. आमच्याकडे गावाकडून तालुक्याला शिकायला राहिलेल्या पोरांचे डबे एसटीनं येतात. सकाळी आई डबा कापडी पिशवीत घालून गाडीत देते, कंडक्टर तो कॉलेजसमोरच्या थांब्यावर भिंतीला लावून ठेवतो, दुपारचे तास सुटले की पोरं आपापली पिशवी उचलतात. रिकामा डबा संध्याकाळच्या गाडीनं परत. या व्यवहारात आजवर कोणाचा डबा हरवल्याचं मी ऐकलं नाही. पण बाजरीची भाकरी तासदोन तास एसटीत हिंदकळली की कडक होते. पोरं तो डबा मैदानाच्या कडेला पाठ करून उघडायची, चटणी चाटायची, भाकरी थांब्यावरच्या शेळीला घालायची आणि समोसा खायला यायची. ती शेळी काय तुकतुकीत होती! तालुक्यात माझी मोहीम लागू पडलेली ती एकटीच.

एका बाजाराच्या दिवशी मावशी आणि मी हुलगे घ्यायला बेल्ह्याला गेलो. तिकडं बैलांचा बाजार भरलेला, टेंपोंची गर्दी, आणि त्यातून वाट काढत आल्या सुमनवैनी. म्हणजे अविनाशची आई. मावशी त्यांच्या रानात खुरपायला जात असत, दोघींची जुनी ओळख.

"कमल, माझा अवी डबा तसाच माघारी धाडतोय गं. न्हाईतर डबा चाटूनपुसून, आन् पोरगं मात्र वाळलेलं. सकाळी लाईट असती तवा पिकाला पाणी धरू, का भाकरी थापू? थापली तरी तिथं जाऊस्तवर तिचं लाकूड हुतंय."

"मग माझ्याकडं जेवू द्या की. मी तिथंच बसलीया, माश्या हाकीत."

"तुझ्याकडं न्हाई जेवायचा त्यो." सुमनवैनी सरळ बोलल्या. "चार पोरांत न्हाई जेवायचा. आन् मामांजींच्या कानावर गेलं तर मला घरात ऱ्हाऊ द्यायचे न्हाईत."

मी तोंड उघडलं. मावशींनी माझ्या पायावर पाय दिला.

"तुमी खाल्लीया की वैनी. गेल्या साली खुरपायला व्हतो, माझी चटणी कुणी संपवली?"

"बांधावर कोण बघतंय!" म्हणून सुमनवैनी खुदकन हसल्या.

मावशींनी हुलग्याची पिशवी खाली ठेवली. मग म्हणाल्या, "असं करा. डब्यात पीठ धाडा. तुमच्याच घरचं. वरच्या पुडात चटणी-कालवण तुमचं. भाकरी मी तिथं थापून भरती. पोराला काय, डबा उघडल्याशी मतलब."

दोन बायका एकमेकींकडे बघून अशा हसल्या, की शेजारचा बैलवाला सावरून उभा राहिला. त्याला वाटलं, त्याच्या बैलाला हसतायत.

दुसऱ्या दिवसापासून आमचा उद्योग सुरू झाला. गाडी आली की मी थांब्यावरून पिशवी उचलायची, शेडच्या मागच्या खिडकीतून मावशींना द्यायची. त्या गोणपाटाच्या आडोशाला, पोपटशेठच्या तळणाच्या आवाजात, पीठ मळायच्या, दोन भाकऱ्या टम्म फुगवायच्या, डब्यात भरायच्या. तास सुटायच्या आत पिशवी परत भिंतीला. सुमनवैनी महिन्याचं जे काय असेल ते बाजारात मावशींच्या हातात ठेवत.

पहिल्या दिवशी अविनाशनं डबा मैदानावर नेला, आपल्या नेहमीच्या जागी, पाठ करून. उघडला. वाफ आली. मी लांबून बघत होते. त्यानं डबा नाकापाशी नेला, इकडंतिकडं पाहिलं आणि शेळीला हुसकावून लावलं. तिच्या आयुष्यातला तो वाईट दिवस.

आठवडाभरात त्याचे दोस्त भोवती जमायला लागले. "अव्या, तुझी भाकरी गरम कशी रे?" यावर अविनाशनं जराही न अडखळता खुलासा केला, "आईची कंडक्टरशी वळख हाय. डबा इंजनाच्या बॉनेटवर ठेवत्यात." कुणी त्याला असं सांगितलेलं नव्हतं. माणसाला गरम भाकरी मिळाली की कारण तो स्वतःच तयार करतो. सगळ्यांनी मान डोलावली, जशी मी बाणापुढं डोलावली होती.

मग तो डबा घेऊन शेडमध्येच बसायला लागला, अगदी मधल्या बाकावर. "आईच्या हातची सर न्हाय कुणाला," असं मोठ्यानं म्हणत तुकडा मोडायचा. मावशींचा कोपरा तिथून चार पावलांवर. त्या तोंडाला पदर लावून रिकामा तवा पुसत बसायच्या. आणि कप्तान उघड्यावर भाकरी खातोय म्हटल्यावर बाकीच्यांचेही डबे बाहेर निघाले. इतके दिवस माझी पत्रकं जे करू शकली नव्हती ते एका कबड्डीपटूच्या जबड्यानं केलं.

पण बाकीच्यांची भाकरी कडक होती. पोरांनी घरी तक्रार केली, "अव्याचा डबा गरम येतोय, आपला का न्हाई?" आया सुमनवैनींकडे गेल्या. सुमनवैनींनी कानात सांगितलं. पुढच्या बाजाराला आणखी डबे, त्याच्या पुढच्या बाजाराला आणखी. कुठली आई नातं सांभाळून होती, कुठली जातीत ताठ, पण पहाटेच्या भाकरीतून सुटका म्हटल्यावर सगळ्यांनी आपापल्या घरात मौन धरलं. थांब्यावरून खिडकीपर्यंत मी हमालासारखी पळत होते. मावशींचे दोन तवे एकाच वेळी तापत होते. पुढच्या बाजूला गिऱ्हाईक शून्य आणि मागच्या खिडकीला श्वास घ्यायला फुरसत नाही.

मला यात जितकी मजा येत होती तितकीच चीड. तेच पीठ, तेच हात, तीच चव. पुढून घेतली तर कमीपणा, मागून आली तर आईची माया. जीभ काहीच तक्रार करत नव्हती. तक्रार फक्त डोळ्यांची होती, आणि तीही दुसऱ्यांच्या. हे मला फळ्यावर काढून दाखवायला कोणी बोलावलं नाही.

वैशालीला मात्र कळलं. तिचाही डबा आमच्याकडे येत होता. एकदा गाडी वाटेत पंक्चर झाली, बरीच उशिरा पोचली. ती माझ्याकडे आली.

"ताई, गाडी तासभर बंद पडली होती. इंजिन गार. भाकरी गरम."

मी हात मागं घेतला. माझ्या दंडावर पीठ लागलं होतं.

"मला काही माहीत नाय," ती म्हणाली. "कोणी सांगेपर्यंत मला माहीत नाय. आणि कोणी सांगू पण नका, परीक्षा जवळ आलीय." आणि उरलेली अर्धी भाकरी घेऊन ती निघून गेली. वसतिगृहाच्या जिन्यात, पोरांच्या नजरेआड खायला.

आमच्या यशानंच आमचा गळा धरला. पोपटशेठचे वडे उरायला लागले. त्यांनी प्राचार्यांकडे तक्रार केली. पोरं बाहेरचे डबे आणून बाकडी अडवतात, भाकरीचा कोपरा तर रिकामाच, निदान तो तरी चायनीजला द्या. प्राचार्य भले माणूस. त्यांनी मला बोलावलं.

"ताई, मी भाकरीच्या विरोधात नाही. पण मी रोज बघतो, तिथं एक माणूस उभा नसतो. सुट्टी लागायच्या आत जागा मोकळी करून द्या."

मी म्हणणार होते, सर, तुमचं अर्धं कॉलेज तिथंच जेवतं. जीभ चावली आणि तडक घरी जाऊन रात्रीत पत्रक लिहिलं. माझ्या हातून उतरलेलं सगळ्यांत चांगलं पत्रक. शीर्षक होतं, "आईच्या हातची म्हणता? हात ओळखा!" खाली सगळं. डबे, खिडकी, पीठ, इंजिन. सकाळी मावशींना वाचून दाखवलं. त्यांनी शेवटपर्यंत ऐकलं.

"झ्याक लिवलंय. आता फाड."

"मावशी, तुमची जागा जातेय! कळू द्या ना एकेकाला, कोणाचं खातायत ते."

"आन् सुमनवैनीचं काय? हे कागद बोरीत गेलं तर तिचा सासरा तिला चार माणसांत उभी करील. तिनं माझ्यासाटी पीठ धाडलं न्हाई, पोरासाटी धाडलं. पर धाडलं ना? तिला उघडी पाडून मी तवा ठिवू व्हय?"

"मग काय चाळीत परत जाणार? तिथं तरी जागा आहे का?"

"न्हाई," मावशी म्हणाल्या. चाळण घेऊन पीठ चाळायला लागल्या. "पत्रक गावभर बोंबलतं. ज्यानं खाल्लंय त्यो बोंबलत न्हाई. त्यानं घरी काय सांगायचं, मी खाल्लं म्हणून? पोरांना तेवढं कळू दे. गावाला न्हाई." आणि बाजारात जाऊन त्या सुमनवैनींशी बोलून आल्या. सुमनवैनी म्हणाल्या म्हणे, "कर. घोडा झालाय आता. कळंल त्याला."

पत्रक मी फाडलं. अजून हळहळते. शीर्षक काय होतं!

प्राचार्य आणि पोपटशेठ कोपरा मोजायला येणार होते त्या दिवशी दुपारनंतर कबड्डीचा सामना होता, बाहेरचा संघ आलेला. गाडी वेळेवर आली. कंडक्टरनं डबे भिंतीला लावले. मी नेहमीसारखी उठले, तर मावशी म्हणाल्या, "बस खाली. आज न्हाई आणायचे."

तवा तापत ठेवून त्या हाताची घडी घालून बसल्या. पुढच्या बाजूला, सगळ्यांना दिसतील अशा.

तास सुटले. पोरं पिशव्या घेऊन शेडमध्ये घुसली. अविनाश मधल्या बाकावर, संघ भोवती. "चला लवकर, खाऊन घ्या, सामना हाय." झाकणं निघाली. वर चटणी, मध्ये कालवण आणि खालच्या पुडात कोरडं पीठ.

"आईचं कायतरी चुकलं," अविनाश म्हणाला.

"आमच्यात बी पीठच," शेजारचा म्हणाला.

"माझ्यात बी."

शेडभर झाकणं वाजायची थांबली. प्रत्येकजण दुसऱ्याच्या डब्यात डोकावत होता. सगळ्या आयांचं एकाच दिवशी कसं चुकेल? मी बघत होते, एकेका चेहऱ्यावर इंजिन गार पडत होतं. हळूहळू एकेक मान वळली. तव्याकडे.

"या या, वडे गरम हायेत!" पोपटशेठ तिकडून ओरडले. दोनतीन पोरं झाकण लावून तिकडे गेली. एकानं पीठ गटारात ओतलं आणि डबा विसळून आला. त्याचं नाव मला ठाऊक आहे. इथं लिहीत नाही, कारण संपादकांनी बजावलंय. बाकीचे बसून राहिले. उठावं तर कोण आधी उठणार?

मुलींच्या बाकावरून वैशाली उठली. पोरांसमोर अर्धा चहा पिणारी वैशाली. डबा घेऊन सगळी शेड ओलांडून गेली आणि मावशींपुढं ठेवला.

"मावशी, पीठच आलंय आज. थापून द्या."

"किती?"

"दोन." मग तिनं मागं वळून सगळ्या बाकांकडे पाहिलं. "तीन. भूक लागलीय."

मावशींनी पीठ परातीत घेतलं. हातावर भाकरी थापायचा आवाज तुम्हाला माहीत आहे. शेड इतकी गप्प होती की तो आवाज फाटकापर्यंत गेला असेल. वैशाली तिथंच उभी राहून खायला लागली, चटणीशी, तोंड भरून. मग वसतिगृहातली एक उठली. मग कॉमर्सचे दोघं, एकमेकांना ढकलत, जणू ढकलल्यामुळेच जातायत. मग रांगच लागली, दारापर्यंत.

त्या दारातूनच प्राचार्य आणि पोपटशेठ आत आले. पोपटशेठच्या हातात टेप.

"सर, त्या टोकाला धरा," पोपटशेठ म्हणाले.

प्राचार्यांनी टोक धरलं आणि उभेच राहिले. "कुठून नेऊ? मधे पोरं आहेत." त्यांनी रांगेकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. मी आकाशाकडे पाहिलं, म्हणजे पत्र्याकडे. "गुंडाळा टेप, पोपटशेठ," ते म्हणाले. "मावशींना इथून हलवायचं तर पोरं मला आधी हलवतील. पुढच्या वर्षीही राहू द्या." आणि जाता जाता विचारलं, "मावशी, बिनपिठाच्या माणसाला मिळते का हो भाकरी?"

"बसा की सर. संस्थेचं पीठ हाय."

अविनाश अजून मधल्या बाकावर होता, उघडा डबा समोर घेऊन. त्याचे खेळाडू खाऊन कपडे बदलायला गेले. रांग संपली. मैदानावर शिट्टी वाजली. शेवटी तो उठला, कोपऱ्यापाशी आला, पण डबा पुढं करेना. मावशींच्या हातांकडे बघत राहिला. पिठानं माखलेले हात. मी त्याला सुनवायला पाच वाक्यं तयार ठेवली होती, उद्गारचिन्हांसकट.

"मावशी," तो म्हणाला, "आजवर बी तुमीच?"

"पीठ तुझ्याच घरचं व्हतं," मावशी म्हणाल्या. "तिकडं शिट्टी झाली. बोल, थापू का नको?"

त्यानं डबा ठेवला. "थापा. दोन." पहिली भाकरी तव्यावरून उतरली तशी त्यानं ती उभ्यानंच मोडली, तोंडात घातली, जीभ भाजली, डोळ्यांत पाणी आलं. भाजल्यामुळंच आलं असणार, मी कशाला दुसरं काही लिहू? दुसरी हातात घेऊन तो मैदानाकडे निघाला आणि दारातून माघारी आला. इकडंतिकडं बघितलं. डब्यात पीठ घातलं कोणी, हे सामन्याच्या घाईत त्याच्या डोक्यात आलंच नव्हतं. मावशींच्या कानाशी वाकला.

"मावशी, घरी आईला सांगू नका हां, मी हितं खाल्लं म्हणून. तिला लई वाईट वाटंल."

मावशींच्या चेहऱ्यावरची रेषसुद्धा हलली नाही.

"न्हाई रं बाबा," त्या म्हणाल्या. "तुझ्या आईला मी कशाला सांगू?"